तीनशे शब्दांत लिहा

जून २०२४ मधली गोष्ट. शाळा नुकतीच उघडली होती. मुलुंड पूर्वेच्या आमच्या शाळेत छत्र्यांचं पाणी जिन्यावर ठिबकत होतं आणि वर्गभर नव्या वह्यांच्या खाकी कव्हरांचा वास होता. दहावीचा पहिला तास मराठीचा. फळ्यावर निबंधाचा विषय लिहिला आणि सवयीने खाली ‘शब्दमर्यादा’ असं लिहायला लागले, तेवढ्यात शेवटून दुसऱ्या बाकावरून आवाज आला, “बाई, तीनशे शब्द?”

अख्खा वर्ग हसला. मीही हसले. हसू ओसरल्यावर तोच मुलगा अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाला, “पण बाई, निबंध लिहिला की खरंच सुटतं?”

मी म्हटलं, “वह्या काढा.” शिक्षकाला उत्तर सुचलं नाही की तो वह्या काढायला सांगतो.

हसण्याचं कारण तेव्हा महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागत नव्हतं. महिन्याभरापूर्वी, १९ मेच्या मध्यरात्रीनंतर, पुण्यात कल्याणीनगरला एका भरधाव पोर्शे गाडीने दुचाकीला धडक दिली. दुचाकीवरचे एक तरुण आणि एक तरुणी, दोघेही अभियंते, त्यात गेले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार गाडी चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा होता आणि दारू प्यायलेला होता. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी त्याला जामीन दिला. जामिनाच्या अटींत वाहतूक पोलिसांबरोबर पंधरा दिवस काम होतं, समुपदेशन होतं आणि रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध होता. लोकांनी बाकीच्या अटी सोडल्या आणि निबंध तेवढा उचलला. एवढा गदारोळ झाला की तीन दिवसांत मंडळाने आदेश बदलून त्याला निरीक्षणगृहात पाठवलं. पुढे २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने त्याला तिथून सोडायला सांगितलं. निबंधही त्याने लिहून दिल्याचं जुलैत बातम्यांत आलं.

पोरांनी त्याचा विनोद केला, मोठ्यांनी संताप केला. माझ्या मात्र तो निबंध घशात अडकून बसला, कारण माझा धंदाच निबंधाचा.

पंचवीस वर्षं मी निबंध तपासते आहे. ‘मी एक जबाबदार नागरिक’ हा विषय एक वर्षाआड येतोच. पहिल्या परिच्छेदात झाडे लावतात, दुसऱ्यात रांगेत उभे राहतात, तिसऱ्यात आजची मुलं उद्याच्या देशाचे आधारस्तंभ होतात. मी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करते आणि गुण देते. एका वर्षी या विषयावरचा एक निबंध इतका सुरेख आला की मी तो वर्गात वाचून दाखवला. दिवाळीनंतर कळलं, तो त्या मुलाच्या ताईने लिहिला होता. ताई माझीच जुनी विद्यार्थिनी, तिची वाक्यं मला ओळखू यायला हवी होती. जबाबदारीवरचा निबंध पठ्ठ्याने दुसऱ्याकडून लिहून घेतला होता! त्याला दिलेले दहापैकी साडेआठ गुण मी कापले नाहीत. गुण पुढे गेले होते, आणि आता कापायचे तर मुख्याध्यापकांना कारण सांगावं लागलं असतं. ते सांगायचं मीही टाळलं.

‘जबाबदारी’ हा शब्द आपण इतका घासलाय की त्याच्या पोटातला ‘जबाब’ आता दिसतच नाही. अरबीतला ‘जवाब’ फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि त्याला ‘दार’ लागला. दुकानदाराकडे दुकान, किल्लेदाराकडे किल्ला, तसा जबाबदाराकडे जबाब. त्याच घराण्यातला ‘जाब’. मूळ अर्थ दोघांचाही उत्तर हाच. पण आपल्याकडे जाब विचारला जातो आणि जबाब दिला जातो. घराघरांत जाब विचारायला तोटा नाही. कुठे होतास? किती पडले? चार्जर कुणी हरवला? पण पोराने तोंड उघडायच्या आत जबाब आपणच देऊन मोकळे होतो. दमला असेल. सरांनीच नीट शिकवलं नसेल. मित्रांनी नादी लावलं. पोरगं एकदा आईकडे पाहतं, एकदा बाबांकडे, आणि जेवायला बसतं.

माझ्या कपाटाच्या खालच्या खणात रजेच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आहे. ‘माझ्या पाल्यास बरे नसल्यामुळे’ ही सुरुवात ठरलेली. पहिल्या मोठ्या पावसाला पोटदुखीची साथ येते, भारत-पाकिस्तान सामन्याच्या दुसऱ्या दिवशी तापाची. अक्षर आईचं, सही बाबांची, आणि कारण पाल्याने सुचवलेलं. लिहिणाऱ्याला ठाऊक असतं, आणणाऱ्याला ठाऊक असतं, वाचणाऱ्या मलाही ठाऊक असतं. तरी मी चिठ्ठी गठ्ठ्यात खोचते आणि म्हणते, “बस खाली.”

अशी एक चिठ्ठी मीही लिहिली आहे. माझा मुलगा दहावीला होता, दुसऱ्या शाळेत. विज्ञानाची प्रयोगवही पूर्ण झाली नव्हती आणि ती दाखवायचा दिवस उजाडला होता. मी कागद घेतला आणि ‘पोटात दुखत असल्यामुळे’ असं लिहिलं. वाचणारी बाई माझ्याच जातकुळीची, म्हणून अक्षर जरा जपूनच काढलं. तो शेजारी उभा राहून पाहत होता. शाई वाळेपर्यंत थांबला, कागदाची व्यवस्थित चौघडी घातली आणि म्हणाला, “थँक्यू आई.” त्या ‘थँक्यू’ने मला बरं वाटलं होतं, हे आठवलं की आज चिठ्ठीपेक्षा त्याचीच लाज जास्त वाटते.

कोरोनाने यात आणखी भर घातली. २०२० मध्ये शाळा मोबाइलवर आली आणि वर्गावर्गाचे व्हॉट्सअ‍ॅप गट झाले. शाळा परत भरायला लागली तरी गट काही गेले नाहीत. आता गृहपाठ गटावर पडतो, उद्या कंपास आणायचा ही सूचना गटावर पडते, सहलीचे पैसे भरायची शेवटची तारीखही तिथेच. पूर्वी पोरगं फळ्यावरचं उतरवून न्यायचं. विसरलं तर मित्राच्या घरी जाऊन विचारायचं आणि मित्राच्या आईची दोन वाक्यं ऐकून यायचं. आता रात्री साडेदहाला आई गटावर लिहिते, ‘प्लीज कोणी आजचा भूगोल टाका.’ पोरगं तेव्हा झोपलेलं असतं. त्याच्या खिशातलं विसरणं उचलून आम्ही आईच्या फोनमध्ये ठेवलं, आणि वर तक्रार करतो की मुलं काही लक्षात ठेवत नाहीत.

मला हे शहाणपण घरबसल्या सुचलेलं नाही. ते एका टीसीने दिलं.

मुलगा अकरावीला माटुंग्याच्या कॉलेजात जायला लागला. मुंबईच्या उपनगरातल्या पोराची मुंज म्हणजे रेल्वेचा पहिला पास. कॉलेजच्या ऑफिसात रांग लावून कन्सेशनचा फॉर्म घ्यायचा, शिक्का बघून घ्यायचा, मुदत उलटायच्या आत तो स्टेशनच्या खिडकीवर द्यायचा, आणि हातात आलेला तो कागदाचा चिटोरा महिनाभर पावसापासून, घामापासून, स्वतःपासून सांभाळायचा. पहिले चार महिने ही सगळी तारीखवार आठवण माझ्या डोक्यात होती. पाचव्या महिन्यात, म्हणजे २०२३ च्या डिसेंबरात, शाळेच्या परीक्षांच्या धांदलीत मी ती करून द्यायला विसरले. शब्द बघा: मी विसरले!

सकाळी सव्वादहाला स्टाफरूममध्ये फोन वाजला. मागे गाडीची घोषणा, माणसांचा गलका.

“आई, दोनशे साठ रुपये पाठव ना. पटकन. घरी आल्यावर सांगतो.”

पास संपून दोन दिवस झाले होते. फॉर्म गणिताच्या पुस्तकात तसाच, आणि त्याचीही मुदत गेलेली. दंड अडीचशे आणि वर तिकिटाचे पैसे. माझा अंगठा गुगल पेवर गेलाच होता. पण त्याआधी माझ्यातली बाई जागी झाली. म्हटलं, “फोन दे टीसींकडे.” मग मी सुरू झाले: मी शिक्षिका आहे, मुलगा तसा नाही, पास त्याच्याकडे नेहमी असतो, या वेळी घरात जरा अडचण होती, विद्यार्थी आहे, समजून घ्या.

टीसींनी मला पूर्ण बोलू दिलं. मग शांतपणे म्हणाले, “ताई, पोरगा केव्हाच म्हणालाय, चूक माझी आहे म्हणून. तुम्ही कशाला बोलताय?”

स्टाफरूममध्ये पंखा फिरत होता. मी पैसे पाठवले नाहीत. मोठा विचार करून नव्हे, कानशिलं तापली होती म्हणून. त्याच्या पाकिटात एकशे ऐंशी निघाले, बाकीचे मित्राने दिले. ते फेडायला पुढचे तीन आठवडे तो स्टेशनवरून शेअर रिक्षा सोडून चालत आला आणि कॅन्टीनचा वडापाव त्याने बंद केला. मी रोज पोळीची एक गुंडाळी जास्त देत होते, तेवढी लबाडी मला माफ असावी. दंडाची पावती त्याने प्लॅस्टिकच्या कव्हरात नव्या पासाच्या मागे सरकवून ठेवली. आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, जिथे दूध नाही आलं, गॅस आला, बाईंची सुट्टी अशा माझ्या खुणा असतात, तिथे एका चौकोनात त्याच्या वाकड्या अक्षरात ‘पास’ असा शब्द उगवला.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती फळ्यावर सुविचार म्हणून लिहिली असती. एप्रिलमध्ये तो पुन्हा विसरला, पुन्हा पकडला गेला. मात्र या वेळी मला ते आठवड्याने कळलं, तेही बोलता बोलता. दंड भरून झाला होता.

तेव्हापासून मी मुलांच्या हाती काय द्यायचं याचा विचार वेगळा करते. द्यायचं ते खरं हवं. हरवण्याजोगं, मोडण्याजोगं, चुकलं तर खरोखर तोशीस लावणारं. घराची किल्ली द्यावी. वीजबिल भरायला द्यावं आणि शेवटच्या दिवशी आठवण करू नये. पण रूळ ओलांडून दाखव, लोकलच्या दारातल्या खांबाला लटकून दाखव, गाडी चालवून बघ, असला धडा देता येत नाही. तिथे एका चुकीनंतर दुसरी संधी नसते. वाहन कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती हेच सांगते. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. काही पालकांना यात अन्याय वाटतो. मला हिशेब बरोबर वाटतो. किल्ली दिल्याचा जबाब बापाचा, ती फिरवल्याचा पोराचा. एकाचा जबाब दुसऱ्याच्या खात्यात जमा होत नाही.

पुण्याच्या प्रकरणात मन पिळवटतं ते इथे. घरच्या ड्रायव्हरने गुन्हा स्वतःवर घ्यावा म्हणून दबाव आणल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला. मुलाच्या रक्ताचा नमुना बदलून त्याजागी आईचं रक्त दिल्याचाही. खरंखोटं न्यायालय ठरवील. पण पोराच्या वतीने दुसऱ्या कुणाचं तरी रक्त जबाब द्यायला उभं करावं, ही नुसती कल्पना वाचतानाच माझ्या खणातला तो चिठ्ठ्यांचा गठ्ठा डोळ्यांपुढे आला. तराजूत घातलं तर चिठ्ठी कुठे आणि ते कुठे. तरी पोटदुखीच्या चिठ्ठीचा आणि त्या आरोपाचा गोत्रसंबंध मला नाकारता येईना. माणसाचा पहिला जबाब अडीचशे रुपयांचा असावा. दोन जिवांचा नसावा.

एवढं सगळं मला पटलेलं होतं, तरीही त्याच जूनमध्ये माझ्या हातून एक शेरा लिहिला गेला.

वर्गात भांडुपच्या डोंगरावरून येणारी एक मुलगी होती. मुंबईच्या बहुतेक पाण्याचं शुद्धीकरण भांडुप संकुलात होतं; तिच्या घरी मात्र नळ ठरलेल्या वेळेपुरताच यायचा, आणि कधी ती वेळही चुकवायचा. आई पहाटेच कामावर जायची. पाणी भरणं, भावाची अंघोळ, त्याचा डबा, त्याला बालवाडीत सोडणं हे सगळं उरकून ती शाळेत यायची, तेव्हा प्रार्थना झालेली असायची. उशिराच्या नोंदीत सगळ्यात जास्त नाव तिचं. चिठ्ठी तिने कधीच आणली नाही, कारण चिठ्ठी लिहायला घरी कुणी बसलेलंच नसायचं. विचारलं तर एवढंच म्हणायची, “पाणी आलं नव्हतं बाई,” आणि उभी राहायची. जूनच्या शेवटच्या आठवड्यात लागोपाठ तिसऱ्यांदा उशीर झाला आणि मी तिच्या दैनंदिनीत लाल शाईने लिहिलं, ‘बेजबाबदार वर्तन. पालकांनी भेटावे.’

चिठ्ठीवाल्यांना ‘बस खाली’ आणि बिनचिठ्ठीच्या मुलीला लाल शेरा! पालक भेटायला आले नाहीत. कामाचा खाडा परवडत नसणार. शेरा तसाच राहिला.

ऑगस्ट उजाडला. निबंधाचा प्रश्न विचारणारा तो मुलगा एक दिवस आला नाही. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना मी नेहमीप्रमाणे हात पुढे केला. “चिठ्ठी?”

“नाही बाई.”

“का नव्हतास काल?”

“रात्री दहीहंडीचा सराव होता. एक वाजला. सकाळी जाग आली होती, पण उठलो नाही.”

वर्गात चुळबुळ झाली. खरं बोलणाऱ्याचं आता काय होतं ते पोरांना बघायचं होतं. मलाही. गुरुपौर्णिमेपासून उपनगरांत गोविंदा पथकांचे सराव सुरू होतात. जोगेश्वरीपासून घाटकोपरपर्यंत मैदानांत नि गल्ल्यांत रात्री उशिरापर्यंत थर लागतात, उतरतात. २०१७ मध्ये राज्य सरकारने उच्च न्यायालयात सांगितलं होतं की चौदा वर्षांखालच्या मुलांना थरांवर चढू देणार नाही. म्हणून आधी ते विचारलं.

“पंधरा पूर्ण बाई. आधार कार्ड घेतात तिथे. मी तिसऱ्या थराला असतो.”

“आईने चिठ्ठी नाही दिली?”

“देत होती. नको म्हटलं.”

“का?”

त्याने खांदे उडवले. मग जरा विचार करून म्हणाला, “तिथे सवय लागलीय बाई. थर कोसळला की दादा विचारतात, कुणाचा पाय हलला? ज्याचा हलला तो हात वर करतो.”

“मग ओरडतात?”

“ओरडतात थोडं. पण नाही सांगितलं तर उद्या परत तिथूनच पडणार ना.”

मी हजेरीपटाकडे पाहत राहिले. आम्ही जाब विचारतो तो शिक्षा कुणाला करायची ते ठरवायला. तिथे विचारतात ते उद्या वरच्या पोराचं डोकं फुटू नये म्हणून. प्रश्न तोच असतो, पण पोरांना त्यातला फरक लगेच कळतो. आमच्या वर्गात खरं सांगणाऱ्याला खोटी चिठ्ठी आणणाऱ्यापेक्षा जास्त भोगावं लागतं. हिशेबात कच्ची असलेली पोरंसुद्धा एवढा हिशेब पक्का करतात.

त्याला म्हटलं, कालचा बुडलेला धडा मधल्या सुट्टीत माझ्यासमोर पूर्ण करायचा. “हो बाई,” म्हणून तो बसला. कारणाच्या रकान्यात मी ‘सराव’ असं लिहिलं. त्या रकान्यात ताप आणि पोटदुखीच्या रांगेत तो शब्द परका दिसत होता.

तो तास संपायला दहा मिनिटं होती. मी भांडुपच्या त्या मुलीला हाक मारली, “दैनंदिनी घेऊन ये गं.” ती घाबरतच आली. जूनचं पान काढलं. लाल अक्षरं अजून ठसठशीत होती. वर्गाला म्हटलं, “हा शेरा मी लिहिला होता. चौकशी न करता लिहिला. पाय माझा हलला होता.” शेवटून दुसऱ्या बाकावर कुणीतरी हळूच हसलं, पण त्यात चेष्टा नव्हती.

शाळेच्या दप्तराचा नियम आहे, चुकलेलं खरवडायचं नाही, पांढऱ्या शाईने झाकायचं नाही. एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही करायची. मी रेघ मारली. सही केली. वही मिटून तिच्या हातात दिली.

तिने ती तिथेच उघडली, पान नीट वाचलं आणि पुन्हा माझ्यापुढे ठेवली.

“बाई, तारीख राहिली.”